नवउद्योगांचे ‘अ‍ॅक्सिलरेटर’ : तीन महिन्यांची तालीम आणि तिचे मोल

न्यूयॉर्क राज्यातील बटाव्हिया या लहान शहरात शेती-अवजारांचा एक प्रचंड कारखाना बंद पडला. ती रिकामी इमारत मॅन्कुसो कुटुंबाने विकत घेतली. एवढी जागा भाड्याने घेणारा एकच उद्योग मिळेना, तेव्हा १९५९ साली जोसेफ मॅन्कुसो यांनी ती तुकड्यातुकड्यांनी लहान व्यावसायिकांना द्यायला आरंभ केला. सोबत कचेरीच्या सामायिक सोयी, व्यवसायाचा सल्ला आणि भांडवल मिळवण्यास साहाय्य. भाडेकरूंपैकी एकाचा धंदा कोंबडीची पिल्ले उबवण्याचा होता. ‘इनक्युबेटर’ या शब्दाचा उगम तेथला, असे सांगितले जाते.

‘अ‍ॅक्सिलरेटर’ हे या इनक्युबेटरचे धाकटे भावंड. आपल्याकडील बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांतील फरक नवउद्यमीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. इनक्युबेटर उबेसाठी जागा देतो आणि वाट पाहतो. तेथे नवउद्योग वर्षभर, कधी दोन-तीन वर्षेही राहतो. अ‍ॅक्सिलरेटरची मुदत ठरलेली असते, बहुधा तीन महिने. प्रवेश एकेकट्याला नव्हे, तर निवडलेल्या तुकडीला मिळतो. अनुभवी उद्योजकांचे मार्गदर्शन लाभते आणि शेवटच्या दिवशी, ज्याला ‘डेमो डे’ म्हणतात, संस्थापकांना गुंतवणूकदारांपुढे उभे राहून काही मिनिटांत आपला उद्योग मांडावा लागतो. बहुतेक अ‍ॅक्सिलरेटर आरंभी थोडे भांडवलही देतात आणि मोबदल्यात कंपनीचा हिस्सा घेतात.

या पद्धतीचा पाया मार्च २००५ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे ‘वाय कॉम्बिनेटर’ने घातला. पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंगस्टन, रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल हे तिचे संस्थापक. पहिल्या उन्हाळ्यात आठ नवउद्योग निवडले गेले. प्रत्येक संस्थापकामागे सुमारे ६ हजार डॉलर आणि बदल्यात साधारण ६ टक्के हिस्सा, असा सौदा होता. ही रक्कम उन्हाळाभर जेवणाखाण्याची आणि भाड्याची सोय होईल एवढीच. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतील बोल्डर येथे ‘टेकस्टार्स’ स्थापन झाली आणि हा नमुना जगभर पसरला.

मग पैसा इतका थोडा असताना नेमके मिळते काय? स्टीव्ह हफमन आणि ॲलेक्सिस ओहानियन यांनी वाय कॉम्बिनेटरपुढे मोबाईलवरून जेवण मागवण्याची कल्पना मांडली होती. ती नाकारली गेली. मात्र ही माणसे हातची जाऊ नयेत म्हणून त्यांना परत बोलावण्यात आले, कल्पना बदलण्याच्या अटीवर. त्यातून ‘रेडिट’ जन्मले. ‘एअरबीएनबी’चे संस्थापक २००९ च्या हिवाळी तुकडीत कॅलिफोर्नियात बसून संकेतस्थळ सुधारत होते, तर त्यांची घरे भाड्याने देणारे यजमान प्रामुख्याने न्यूयॉर्कमध्ये होते. मग येथे काय करता, तिकडे जा, असे त्यांना सांगण्यात आले. ते गेले, यजमानांच्या दारात उभे राहिले, घरांची चांगली छायाचित्रे स्वतः काढली, आणि नोंदणी वाढू लागली. दोन्ही प्रसंगांत धनादेशापेक्षा एक परखड वाक्य अधिक मोलाचे ठरले. तशी वाक्ये आठवड्यामागून आठवडे ऐकवणारा कोणी असणे, शेजारच्या बाकावरचा नवउद्योग पुढे निघून जाताना दिसणे आणि डेमो डेची तारीख डोक्यावर असणे, हेच या तालमीचे खरे स्वरूप.

त्वरेचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. पहिल्या तुकडीतील ‘किको’ हा उद्योग इंटरनेटवरील दिनदर्शिका बनवत होता. एप्रिल २००६ मध्ये गुगलने आपली दिनदर्शिका आणली आणि किकोचा मार्ग खुंटला. ऑगस्टमध्ये संस्थापकांनी तो ‘ईबे’वर लिलावात काढला, २ लाख ५८ हजार १०० डॉलर मिळाले. त्याच जस्टिन कान आणि एमेट शियर यांनी नंतर ‘जस्टिन डॉट टीव्ही’ उभारले, त्यातून ‘ट्विच’ निघाले आणि २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना घेतले. जो उद्योग चालणारच नाही, तो पाच वर्षांऐवजी एका वर्षात बंद होणे हाही लाभच. घरच्यांची पुंजी घालून बसलेल्या तरुणाला तो पटायला मात्र वेळ लागतो.

आता किंमत. वाय कॉम्बिनेटर २०२२ पासून ५ लाख डॉलर देते. त्यातील सव्वा लाख ७ टक्के हिश्श्यासाठी, म्हणजे कंपनीचे मूल्य साधारण १७ लाख ८६ हजार डॉलर धरले जाते. उरलेल्या पावणेचार लाखांचा हिस्सा आज ठरत नाही. पुढच्या गुंतवणूकदाराला ज्या सर्वांत अनुकूल अटी मिळतील, त्याच अटींवर तो ठरतो. समजा, तो गुंतवणूकदार १ कोटी डॉलर मूल्य धरून आला, तर ७ टक्क्यांत आणखी पावणेचार टक्क्यांची भर पडते. ‘५ लाख डॉलरना ७ टक्के’ असे जे सर्रास लिहिले जाते ते अपुरे आहे.

भारतीय संस्थापकांपुढे आणखी एक पेच असतो. ही संस्था भारतात नोंदलेल्या कंपनीत थेट पैसा घालत नाही. अमेरिका, सिंगापूर अशा ठिकाणी मूळ कंपनी नोंदवावी लागते. २०१८ च्या हिवाळी तुकडीतील ‘ग्रो’ची मूळ कंपनी अमेरिकेत होती. शेअर बाजारात उतरण्यापूर्वी ती भारतात परत आणताना सुमारे १,३४० कोटी रुपयांचा कर भरावा लागला. परदेशी अ‍ॅक्सिलरेटरच्या करारावर सही करणाऱ्या दोन-तीन मुलांच्या चमूला त्या दिवशी असा आकडा स्वप्नातही दिसत नाही. सनदी लेखापालाचा सल्ला सहीनंतर नव्हे, सहीपूर्वी घ्यावा तो याचसाठी.

गोव्यातील नवउद्यमींना जवळ असलेल्या संस्था मुख्यतः इनक्युबेटर स्वरूपाच्या आहेत : वेर्णा येथील आग्नेल संकुलातील ‘सिबा’, फातोर्डा येथील डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातील ‘फायर’ आणि साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधील अटल इनक्युबेशन केंद्र. हैदराबादेत २०१५ पासून ‘टी-हब’ आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजना आणली, तिचा पैसाही अशा केंद्रांमार्फतच वाटण्याची रचना होती : कल्पना सिद्ध करून दाखवण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपाने साहाय्य. अनुदानापोटी हिस्सा द्यावा लागत नाही. ज्याचा नमुना अद्याप प्रयोगशाळेत आहे, विशेषतः वैद्यकीय उपकरण किंवा शेतीयंत्र बनवणाऱ्याला, तीन महिन्यांच्या घाईपेक्षा ही संथ ऊब अधिक मानवते. संगणकप्रणाली तयार असून ग्राहक मिळू लागलेला संस्थापक अ‍ॅक्सिलरेटरकडे वळला तर त्याने आधीच्या तुकड्यांतील, विशेषतः बंद पडलेल्या उद्योगांच्या संस्थापकांना गाठून विचारावे : मार्गदर्शक म्हणून ज्यांची छायाचित्रे पत्रकावर आहेत, ते तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती वेळा भेटले?