गडाचे पाणी

11 जुलै 2025 रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. गावोगावी पेढे वाटले गेले. मात्र त्या आनंदात एक संकोचही होता, तो कोणी मोठ्याने बोलला नाही एवढेच. राजस्थानचे सहा डोंगरी किल्ले 2013 मध्येच यादीत गेले होते. चित्तोडला विजयस्तंभ आहे, अंबरला आरसेमहाल आहे. राजगडावर काय आहे? वाड्यांची जोती, सदरेचा अवशेष, गवतात बुडालेल्या पायऱ्या. परक्या पाहुण्याला दाखवावे असे आपल्या गडांवर थोडकेच उरले, ही खंत कित्येकांना आतून डाचते. ती खंत चुकीच्या ठिकाणी पाहण्यातून आली आहे, असे मला वाटते. सह्याद्रीतल्या गडाचे खरे स्थापत्य कातळात कोरलेल्या टाक्यांमध्ये आहे. तट आणि वाडे त्याच्यामागून येतात.

याला पुरावा हवा असेल, तर हे किल्ले ज्यांनी चालवले त्यांचेच म्हणणे पाहावे. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा, असे ते बजावतात. पाणी नसलेल्या जागी किल्ला बांधणे भागच असेल, तर प्रथम खडक फोडून गडाला पावसाळ्यापर्यंत पुरतील अशी टाकी-तळी करावीत. पुढचा मुद्दा केवळ अनुभवी माणसालाच सुचेल असा आहे. गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवावीत, त्यांतले पाणी एरवी वापरू देऊ नये. याच प्रकरणात असेही सांगितले आहे की राजमंदिर सोडून गडावर कोणी मोठ्या इमारतीचे घर बांधू नये. रिकामी जोती पाहून खंतावणाऱ्यांना उत्तर द्यायला हे एक वाक्य पुरेसे आहे. भव्य वाडे काळाने खाल्ले असे नव्हे. बहुतेक ठिकाणी ते बांधायचेच नव्हते.

आज्ञापत्र हा आदर्श सांगणारा ग्रंथ आहे, प्रत्यक्षात असे घडत होते कशावरून, ही शंका रास्त आहे. पहिले उत्तर लेखकाच्या आयुष्यातच मिळते. राजाराम महाराज जिंजीत असताना महाराष्ट्रातला कारभार आणि मोगलांशी चाललेली झुंज रामचंद्रपंतांकडे होती, तेव्हा वेढ्यात गड कसा टिकतो आणि कसा पडतो हे त्यांनी पोथीत वाचले नव्हते. स्वतः जिंजी 1690 पासून 1698 पर्यंत झगडत राहिली. त्याचे सगळे श्रेय तळ्यांना देणे भाबडेपणा ठरेल. बाहेरून संताजी-धनाजींनी मोगलांची रसद तोडली आणि मोगल सेनापती झुल्फिकारखानानेही वेढा नेटाने चालवला नाही. पण आत पाणीच नसते, तर या दोन्ही गोष्टींचा उपयोग किती दिवस झाला असता? दुसरे उत्तर जमिनीवर आहे. रायगडावर गंगासागर आहे, कुशावर्त आहे, हत्ती तलाव आहे. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. चहूकडे खारे पाणी असलेल्या त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. ही नावे ज्यांनी ठेवली, त्यांना बेटावरच्या गोड्या पाण्याची किंमत कुणी समजावून सांगायला नको होती. डोंगरावर तर टाके आणि तट ही दोन कामे वेगळी काढताच येत नाहीत, कारण टाके खोदताना निघालेला दगड तटाला लागतो. एकाच घावात पाणीही साठते आणि भिंतही उभी राहते.

यापेक्षा जड आक्षेप निराळा आहे. यांतले पुष्कळ किल्ले मराठ्यांनी बांधलेलेच नाहीत, मग त्यांना मराठा वारसा का म्हणावे? पन्हाळा शिलाहारांचा, तिथली तीन मजली अंधारबाव आदिलशाहीतली. जिंजीवर नायकांचे मोठे बांधकाम आहे. शिवनेरीच्या कड्यात तर सातवाहनकाळापासूनची बौद्ध लेणी आहेत. हे सारे खरे आहे, आणि ते लपवण्यात काही शहाणपण नाही. भिंती कोणी उभारल्या यावरच मालकी ठरवायची असेल, तर हा आक्षेप जिंकतो. पण पाण्याच्या बाजूने पाहिले की चित्र पालटते. कान्हेरी आणि जुन्नर इथल्या ब्राह्मी लेखांत ‘पोढी’ हा शब्द येतो. पोढी म्हणजे भिक्खूंसाठी दान म्हणून खोदवलेले पाण्याचे टाके. पावसाचे चार महिने भरायचे आणि आठ महिने जपून वापरायचे, ही विद्या सह्याद्रीत तेव्हापासून आहे. अंधारबाव बांधणाऱ्यानेही तीच जाणली होती. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून विहिरीवर त्याने इमारतच चढवली. मराठ्यांनी ही विद्या शोधली नाही, ती राज्याच्या शिस्तीत बसवली. हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांच्या हाती गड सोपवला आणि डोंगर, बेट, किनारा यांची एकमेकांना धरून राहणारी साखळी उभी केली. यादीत एकटा रायगड न जाता बारा किल्ले एकत्र गेले, यातही हीच ओळख आहे.

गडाचा जीव कशात आहे हे शत्रूला आपल्यापेक्षा चांगले कळले होते. रायगड 10 मे 1818 रोजी पडला; तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत वाडे जळाले. पण इंग्रज तेवढ्यावर थांबले नाहीत. अलंग, मदन, कुलंगसारख्या ठिकाणी त्यांनी कातळातल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. माथ्यावरच्या पाण्यापर्यंत माणूस पोहोचू शकला नाही की गड आपोआप मरतो, हे त्यांचे गणित होते.

आता संवर्धनाचा पैसा येईल, आणि तो नवे दरवाजे, नवी फरसबंदी, रोषणाई यांवर खर्च व्हावा असा आग्रहही होईल. लोकांना पाहायला काहीतरी हवे, असे त्याचे समर्थन असते. ते अगदीच टाकाऊ नाही. माणसे गडावर आलीच नाहीत तर राखायचे कुणासाठी? मात्र नवा दरवाजा जुन्या गडाबद्दल काही सांगत नाही. गाळाने बुजलेले टाके उपसले, पाणी कुठून उतरत होते आणि ते कसे अडवले होते हे दाखवले, तर पाहणाऱ्याला अख्खा गड कळतो. आज्ञापत्रात केरकचऱ्याचाही नियम आहे: तो गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा आणि राख परसात टाकून भाजीपाला करावा. पाण्याची प्लास्टिकची बाटली टाक्यात भिरकावणाऱ्याला हा नियम ऐकवायला हरकत नाही.

रायगडावरचा हत्ती तलाव कित्येक पिढ्यांनी कोरडाच पाहिला होता. त्याची गळती शोधून बुजवली गेली आणि 2020 च्या पावसाळ्यात तो काठोकाठ भरला.