सद्भाव आणि अप्रीती : १८९७ च्या पुण्यातील राज्यसंस्था, धर्म आणि हिंसा

आधुनिक राज्यसंस्थेची सक्ती आणि धर्मप्रेरित हिंसा यांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणांत केला जातो. १८९७ च्या पुण्यात मात्र ही दोन्ही एकाच घराच्या उंबरठ्यावर समोरासमोर आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्रकटलेला प्लेग काही महिन्यांतच पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याचे शेवटचे कलम असे, की त्याअन्वये सद्भावपूर्वक केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष ‘सद्भाव’ या शब्दापाशी अडते. अंतःकरणातील एका वृत्तीला येथे अंमलदाराचे कवच बनविण्यात आले.

डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने मार्चपासून घरझडतीसाठी गोऱ्या शिपायांच्या तुकड्या नेमल्या. रुग्णाला इस्पितळात, आप्तांना विलगीकरणाच्या छावणीत हलवावयाचे, संशयित कपडे-अंथरुणे जाळावयाची, असा हा क्रम होता. धार्मिक भावना जपाव्यात अशा सूचनाही शिपायांना होत्या. तेव्हा सारे केवळ धर्मद्वेषातून घडले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रश्न अधिक खोलवरचा होता. सरकारी वैद्यकाच्या दृष्टीने देवघर ही रुग्ण दडविता येईल अशी एक अंधारी खोली होती. घरधन्याच्या दृष्टीने तेथे बुटांनिशी शिरलेला शिपाई त्याचे अवघे जग विटाळून जात होता. हा संघर्ष केवळ ब्राह्मणी सोवळ्याचा नव्हता. मार्च १८९८ मध्ये मुंबईत जुलाहा विणकरांनी, तर १९०० मध्ये कानपुरात लोकांनी प्लेगच्या उपायांना हिंसक प्रतिकार केला. उलट, याच काळात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्याच रोगाने त्यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले.

२२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी समारंभाहून परतताना गणेशखिंडीत रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ, तर रँड ३ जुलैला मरण पावले. प्लेगच्या जुलमाचा हा सूड, अशी या कृत्याची मांडणी रूढ आहे. ती अपुरी आहे. कीर्तनकाराचे पुत्र असलेल्या दामोदर हरी चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त वाचले, की प्लेगच्या झडत्या सुरू होण्यापूर्वीच मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेल्याचे आणि सुधारकांवर हल्ले झाल्याचे दिसते. त्यांचा धर्मविषयक क्रोध आधीच सिद्ध होता. राज्यसंस्थेच्या सक्तीने त्याला लक्ष्य आणि लोकांची सहानुभूती पुरविली. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी, तर त्यांचे बंधू वासुदेव व बाळकृष्ण यांना मे १८९९ मध्ये फाशी झाली.

खुनाशी टिळकांचा संबंध न्यायालयात सिद्ध करावा लागलाच नाही. १५ जूनच्या ‘केसरी’तील शिवोत्सवविषयक मजकुरावरून त्यांच्यावर कलम १२४-अ खाली राजद्रोहाचा खटला झाला. सहा युरोपीय ज्यूरींनी त्यांना दोषी, तीन भारतीयांनी निर्दोष ठरविले आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावण्यात आली. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कलमातील ‘अप्रीती’चा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला. (आपल्या संतांना विठ्ठलाशीही भांडता येत होते, हे येथे आठवावे.) अंमलदाराचा सद्भाव कायद्याच्या आश्रयाला आणि प्रजेच्या मनातील प्रेमाचा अभाव आरोपीच्या पिंजऱ्यात, असे हे एकाच वर्षातील चित्र आहे. ऐहिकतेचा दावा करणारे राज्य अशा रीतीने, देवाने मागावे तसे हृदय मागू लागले.

ज्यांना न्यायालयात उभे करणे सोयीचे नव्हते, त्या नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्याविनाच स्थानबद्ध करण्यात आले. १८९८ मध्ये कलम १२४-अ दुरुस्त झाले. ‘अप्रीती’त राजनिष्ठेचा अभाव आणि वैराच्या सर्व भावना समाविष्ट करण्यात आल्या. त्याच दुरुस्तीने कलम १५३-अ जन्मास आले आणि प्रजेतील निरनिराळ्या वर्गांत वैरभाव वाढविणे हाही गुन्हा ठरला.