मत्स्याहारातील जीवनसत्त्वपूरके

संवर्धित माशांच्या खाद्यात मिसळली जाणारी जीवनसत्त्वांची पूरक मात्रा. शेततळ्यातील रोहू-कटल्याला शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा घातला की भागते, कारण उरलेली जीवनसत्त्वे प्लवकांतून मिळतात. जलाशयातील पिंजऱ्यात दाटीने वाढवलेल्या पंगसची गोष्ट वेगळी. तो बहुतांशी गोळीखाद्यावरच जगतो. पूरकांची खरी गरज तिथे.

सर्वांत नाजूक क जीवनसत्त्व. बहुतेक अस्थिमत्स्यांना ते शरीरात तयार करता येत नाही. कमतरतेने कणा वाकतो, कल्ल्यांचे कूर्चे वेडेवाकडे होतात, जखमा भरत नाहीत. वाकलेला मासा बाजारात कोण घेणार? साधे अॅस्कॉर्बिक आम्ल गोळी बनवतानाची उष्णता, साठवण आणि पाण्यात विरघळणे या तिन्हींत नासते, म्हणून त्याचे टिकाऊ फॉस्फेट रूप वापरतात. खाद्यातील तेल खवट होऊ लागले की ई जीवनसत्त्वही खर्ची पडते. दमट कोकणात पावसाळ्यात पोती जमिनीवर टेकवून ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

रायगडच्या तळ्यांतील जिताड्याला छोटे मासे खाऊ घालण्याची जुनी रीत आहे. मात्र काही जातींच्या कच्च्या माशांत थायामिनेज हे विकर असते व ते ब१ नष्ट करते. शिजवल्यास ते निष्प्रभ होते.

सगळेच बाहेरून द्यावे लागते असेही नाही. कोबाल्ट मिळाल्यास तिलापियाच्या आतड्यातील जीवाणू ब१२ बनवतात. अ आणि ड मात्र शरीरात साठतात, अतिरेक बाधतो. मुंबईच्या वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत (स्थापना १९६१) मत्स्यपोषण हा अध्यापन व संशोधनाचा विषय आहे.