भवानी मंडपातली शाळा आणि जेवायचा प्रश्न

मागच्या शनिवार-रविवारी काही लिहिणं झालं नाही. रिलीज होती, आणि रिलीजच्या आठवड्यात वीकेंड फक्त कॅलेंडरवर असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. असो.

या वेळचा विषय ऑफिसमध्येच सापडला. फ्रेशर्सच्या भरतीसाठी आलेले रेझ्युमे गाळायचं काम सध्या माझ्या गळ्यात पडलंय. एक्सेलची शीट, अकराशे ओळी, आणि वरून आलेला पहिला फिल्टर : दहावीपासून सगळीकडे साठ टक्क्यांच्या वर. फिल्टर लावला की ओळी झपकन कमी होतात. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. शेजारचा मित्र चहा घेताघेता म्हणाला, "आकडे कधी खोटं बोलत नाहीत बघ." मी मान डोलावली. पण मी पडलो कोल्हापूरचा. घरी येताना डोक्यात भवानी मंडपातली ती शाळा यायला लागली.

अंबाबाईचं दर्शन घेऊन तुम्ही भवानी मंडपात आलात की एक जुनी दगडी इमारत दिसते. मेन राजाराम हायस्कूल. आज ती जिल्हा परिषदेची शाळा आहे. नाव राजाराम महाराजांचं. युरोपच्या प्रवासात असताना १८७० साली फ्लॉरेन्समध्ये अवघ्या विसाव्या वर्षी ते वारले. १८८० मध्ये इथे कॉलेजचे वर्गही सुरू झाले. न्यायमूर्ती रानडे कोल्हापुरातल्या इंग्रजी शाळेत शिकले, आणि पुढच्या पिढीत गोपाळ कृष्ण गोखले इथलेच, १८८१ चे मॅट्रिक. एवढी दोन नावं भिंतीवर असली की कुठल्याही शाळेची मान ताठ राहील.

गोखले श्रीमंत होते म्हणून शिकले असं मात्र नाही हं. १८७९ मध्ये वडील गेले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले. पगार महिना पंधरा रुपये, त्यातले आठ ते कोल्हापुरात शिकणाऱ्या भावाला पाठवायचे. म्हणजे पंधरातले सात स्वतःच्या संसाराला! ही गोष्ट वाचली की वाटतं, बघा, गरिबी आडवी येत नाही, जिद्द पाहिजे. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं.

आता दुसरे आकडे. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनी जागा ५००, त्यात ब्राह्मणेतर फक्त १०. नोकरीला इंग्रजी शिक्षण लागायचं आणि त्यासाठी संस्थानातली मुख्य शाळा हीच. म्हणजे शाळेचा पट कसा असेल याचा अंदाज या नोकऱ्यांच्या यादीवरूनच येतो. पण इंग्रजी शाळेचं दार मराठ्याच्या किंवा जैनाच्या पोराला काही बंद नव्हतं. फी भरा, बसा. मग पोरं गेली कुठे?

याचं उत्तर मला पुस्तकाच्या आधी आजोबांकडून मिळालं होतं. आमचं गाव गडहिंग्लजकडचं. आजोबा कोल्हापुरात एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले, आमच्या घरातले पहिलेच. मी बारावीला टक्केवारीची चिंता करत बसलो होतो तेव्हा ते म्हणाले होते, "पास-नापास मागनं रे. पयलं जेवायचं कुठं ते सांग."

खेड्यातलं पोरगं शहरात शिकायला आलं की पहिला प्रश्न हाच. गरीब ब्राह्मण मुलासाठी याची एक जुनी सोय होती. सात घरी सात वार लावायचे, नाहीतर माधुकरी मागायची. अपमान असेल, उपासही घडत असतील, पण पोटाला आधार होता. भुदरगडच्या कुणब्याच्या किंवा धनगराच्या पोराला शहरात वार लावायला घरंच नव्हती, आणि जेवणात विटाळ मानायचा काळ, त्यामुळे दुसऱ्याच्या पंगतीत बसता येत नव्हतं. महार-मांगाच्या मुलाला तर भाड्यानं खोली मिळणंसुद्धा अशक्य. शाळेचा निकाल लागायच्या कितीतरी आधी यांचा निकाल लागलेला असायचा. तो कुठल्याच रजिस्टरात येत नाही, कारण रजिस्टरात नाव येतं ते प्रवेश घेतल्यावर.

शाहू महाराजांनी पहिला प्रयत्न केला तो अगदी आपण करू तसाच. १८९६ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढलं. कागदावर उत्तम. व्यवस्था ब्राह्मणांच्या हाती होती आणि बघता बघता तिथे ब्राह्मण मुलंच उरली. नियम कुठलाच मोडला गेला नव्हता!

मग त्यांनी रस्ता बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैनांचं. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि मग शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशी रांगच लागली. दसरा चौकातून जाताना मुस्लिम बोर्डिंग आणि जैन बोर्डिंगच्या पाट्या आपण रोज बघतो, पण त्या तिथे का आहेत याचा विचार कोण करतं?

तारखांचा क्रम बघा जरा. नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना देण्याचा प्रसिद्ध जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा, महाराज विलायतेत असतानाचा. आणि मराठा बोर्डिंग १९०१ चं. आधी खोली आणि भाकरी, मग राखीव जागा. आपल्या कँटीनमधल्या वादात आपण थेट १९०२ पासून सुरुवात करतो. १९१२ पर्यंत कारभारातल्या ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ राहिल्या होत्या.

जातवार बोर्डिंगं मला पूर्णपणे पटतात असं नाही. प्रत्येक जातीची वेगळी पंगत, म्हणजे भिंती पक्क्याच झाल्या की! याचा चटका बसला तो कुंभोजच्या एका जैन मुलाला. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो हजर राहिला, आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यानं नकार दिला. बोर्डिंगातून बाहेर. हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील, आपले कर्मवीर.

भाऊराव शिकायला होते याच राजाराम हायस्कूलमध्ये, आणि गणितात पार कच्चे. त्यांना वर ढकला असा निरोप खुद्द महाराजांकडून आला, तेव्हा गणिताच्या मास्तरांनी सांगितलं म्हणे, की तो बसतो तो बाक एक वेळ पास करीन, पण भाऊरावला नाही. मला ही गोष्ट फार आवडते, आणि गंमत म्हणजे मी मास्तरांच्या बाजूनं आहे. छत्रपतींच्या शब्दाखातरही मार्क वाढवले नाहीत. गणित येत नव्हतं हे खरंच होतं. पण त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला नाव मिळालं छत्रपती शाहू बोर्डिंग. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं भाऊरावांना डी.लिट. दिली. आमच्या शीटमध्ये ते पहिल्याच फिल्टरला गळाले असते.

गोखल्यांचं काय झालं तेही सांगतो, कारण दोन्ही धागे इथे जुळतात. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक त्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आणलं. १९१२ मध्ये ते पडलं. ते काम १९१७ मध्ये केलं कोल्हापूरनं. मोफत आणि सक्तीचं, मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. १९१७-१८ मध्ये या योजनेतल्या शाळा २७ आणि मुलं १,२९६. १९२१-२२ पर्यंत शाळा ४२० आणि मुलं २२,००७. मधेच १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवली गेली. १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले, वय अठ्ठेचाळीससुद्धा पूर्ण नव्हतं.

आजोबांचे मॅट्रिकचे मार्क मला माहीत आहेत. वडिलांनी तो कागद जपून ठेवलाय. साठाच्या बरेच खाली आहेत. :)

उद्या सोमवार. शीटवरचा फिल्टर मी आत्ताच काढून टाकलाय, ओळी पुन्हा अकराशे झाल्यात. एकेक हातानं वाचायची तर माझ्या हिशेबानं तीन संध्याकाळी जातील. मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही.