निविदा-मूल्यमापन, बांधकामातील

बांधकामासाठी ठेकेदारांकडून आलेल्या देकारांची, म्हणजे त्यांनी लेखी कळविलेल्या दरांची व स्वीकारलेल्या अटींची, आधी जाहीर केलेल्या निकषांवर तुलना करून काम कोणास द्यावयाचे हे ठरविण्याची प्रक्रिया. ही तुलना न्याय्य होणार की नाही, याचा निर्णय बहुतांशी निविदा-सूचनेचा मसुदा लिहितानाच होऊन गेलेला असतो.

कोलकात्याच्या पूर्वेस राजारहाट परिसरातील शेतजमिनी व सखल भागावर वसविलेल्या न्यू टाउनमध्ये १९९९ साली स्थापन झालेले गृहनिर्माण पायाभूत सुविधा विकास महामंडळ (हिडको) आणि २००७ च्या कायद्यान्वये आलेले न्यू टाउन कोलकाता विकास प्राधिकरण सार्वजनिक कामांच्या निविदा काढतात. प्रचलित द्विलिफाफा पद्धतीत प्रथम तांत्रिक लिफाफा उघडून पात्रता तपासतात आणि जे पात्र ठरतात त्यांचाच वित्तीय लिफाफा, म्हणजे दर, उघडला जातो. पात्रतेच्या अटींसाठी केंद्रीय दक्षता आयोगाची डिसेंबर २००२ ची सूचना देशभर आधारभूत मानली जाते : मागील सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या ४० टक्के किमतीची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक तत्सम काम पूर्ण केलेले असावे. ‘तत्सम’ कशास म्हणावे हे सूचनेत नेमके लिहिले नाही, तर पुढे मर्जीला वाव राहतो.

सर्वांत कमी दर (एल-१) हाच सर्वांत स्वस्त देकार, असे गृहीत धरणे सखल जमिनीवर विशेष धोक्याचे ठरते, कारण भरावाची मात्रा आधी नेमकी सांगता येत नाही. उदाहरणादाखल, १०,००० घनमीटर भराव धरलेल्या कामात एका ठेकेदाराने भरावास ५०० रुपये व उर्वरित कामास १.४५ कोटी, तर दुसऱ्याने ४०० रुपये व १.६० कोटी लावले, तर पहिला १.९५ कोटींवर एल-१ ठरतो आणि दुसऱ्याचा देकार २ कोटींचा होतो. पण भराव दुप्पट झाल्यास पहिल्याचे देयक २.४५ कोटी होते, दुसऱ्याचे २.४० कोटीच झाले असते. म्हणून बाबवार दरांच्या निविदेत प्रत्येक बाबीचे दरपृथक्करण, म्हणजे साहित्य, मजुरी व यंत्रे यांचा हिशेब, मागवून पाहणे अगत्याचे आहे. टक्केवारी निविदेत दरसूचीवर एकच टक्केवारी लागू होत असल्याने, वाढण्याचा संभव असलेल्या बाबीस चढा दर लावून एकूण देकार मात्र कमी दाखविण्याचा डाव साधत नाही.

फार ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकाहून पुष्कळ कमी, देकारांसाठी पश्चिम बंगालच्या वित्त विभागाने जुलै २०१८ मध्ये नियम केला, त्यानुसार स्वीकृत देकार अंदाजपत्रकाच्या ८० टक्के वा त्याहून कमी असल्यास १० टक्के अतिरिक्त कार्यपूर्ती-अनामत घेतली जाते. वाळू, खडी, विटा ‘सिंडिकेट’ म्हणविणाऱ्या स्थानिक गटांकडूनच घ्याव्या लागतात, अशा तक्रारी न्यू टाउन-राजारहाटमध्ये दीर्घकाळ होत आल्या आहेत. दरांवर त्यांचा परिणाम किती, याविषयी मतभेद आहेत.

न्यायालयीन निर्णय : मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या प्रकरणात (रमण दयाराम शेट्टी, १९७९) शासनाने स्वतः घातलेली पात्रतेची अट स्वतःच डावलू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मांडले. पुरुलिया उदंचन जलविद्युत प्रकल्पाच्या निविदेत (पश्चिम बंगाल राज्य विद्युत मंडळ विरुद्ध पटेल इंजिनिअरिंग, २००१) एका संयुक्त देकारातील एककदरांच्या चुका लिफाफा उघडल्यानंतर दुरुस्त करू द्याव्यात काय, हा प्रश्न होता. निविदाकारांना दिलेल्या सूचना सर्वांवर सारख्याच बंधनकारक असून एकाला दिलेली सवलत इतरांवर अन्याय करते, या भूमिकेतून न्यायालयाने दुरुस्ती नाकारली. मूल्यमापन समितीच्या दृष्टीने हा निर्णय सर्वांत मार्गदर्शक आहे. नागपूर मेट्रोच्या प्रकरणात (ॲफकॉन्स, २०१६) निविदेतील अटींचा अर्थ ती लिहिणारी संस्थाच सर्वांत चांगला जाणते, असे न्यायालयाने म्हटले; मोघम अट लिहिणाऱ्यालाही याचा आधार मिळू शकतो, हे त्यातील उणे होय.

महाराष्ट्र : सार्वजनिक बांधकाम विभागात टक्केवारीसाठी ब-१ व बाबवार दरांसाठी ब-२ नमुना वापरतात.

गुणवत्ता-भारांकन : केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी निवडक बांधकामांत दराखेरीजच्या निकषांना कमाल ३० टक्के भार देण्यास मुभा दिली.