जुनी रेकॉर्ड, नवे गाणे आणि यंत्राची नजर

गणेशोत्सवाचा किंवा कोजागरीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि 'कॉपीराइट क्लेम' आला, म्हणजे नेमके काय झाले, असे सभासद आम्हाला नेहमी विचारतात. कुकटपल्लीतली आपली तरुण मंडळी लॅपटॉपवर स्वतःचे संगीत करू लागल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. म्हणून ही माहिती एके ठिकाणी देत आहोत.

मुले जे करतात त्याला सॅम्पलिंग म्हणतात. जुन्या ध्वनिमुद्रणातली एखादी तान किंवा ढोलकीचा तोडा उचलायचा, त्याचा वेग बदलायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर नवे गाणे उभे करायचे. ही रीत अमेरिकेतल्या हिपहॉपमधून पसरली. आपल्या लतादीदींचा आवाजही त्यातून सुटला नाही. 'ज्योती' (१९८१) चित्रपटातले, बप्पी लाहिरी यांनी संगीत दिलेले 'थोडा रेशम लगता है' हे गाणे २००२ मध्ये 'ॲडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्यात न विचारता वापरले गेले. प्रकरण तिथल्या न्यायालयात गेले आणि लाहिरींचे नाव छापल्याशिवाय सीडी विकायला मनाई झाली. त्या वेळी कोणीतरी गाणे कानाने ऐकले, ओळखले आणि वकील गाठला.

आता पहिली नजर यंत्राची असते. यूट्यूबची 'कंटेंट आयडी' ही व्यवस्था २००७ पासून आहे. कंपन्या आपली गाणी तिच्याकडे नमुना म्हणून देतात आणि वर चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या नमुन्यांशी ताडून पाहिला जातो. जुळले की मालकापुढे तीन पर्याय असतात : व्हिडिओ अडवणे, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे घेणे, किंवा नुसते लक्ष ठेवणे. बँकेत चेकवरची सही नमुना सहीशी जुळवतात, तसेच हे काम. फरक इतकाच की शंका आली तर काउंटरवरचा माणूस खातेदाराला विचारतो. यंत्र विचारत नाही. परवानगी घेतली आहे का, मुदत संपली आहे का, हे त्याला कळत नाही.

मुदतीचा हिशेब मात्र आपल्याला करता येतो. भारतीय कायद्यानुसार रेकॉर्डवरचा हक्क ती प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षे राहतो. १९६० ची रेकॉर्ड २०२० च्या अखेरीस मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, आणि ते त्या त्या व्यक्तीच्या निधनाच्या वर्षानंतर ६० वर्षे चालतात. 'स्वयंवर' नाटकाचे लेखक खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये. दोघांचेही काम आता मोकळे आहे. याउलट गदिमांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि बाबूजींच्या चाली २०६२ अखेरपर्यंत हक्कात आहेत. म्हणजे बालगंधर्वांच्या 'स्वयंवर'मधल्या पदाची जुनी तबकडी मुलांनी खुशाल वापरावी. तरीही एखाद्या कंपनीने तीच तबकडी नमुन्यात दिली असेल, तर क्लेम येणारच.

याचा परिणाम संगीतावर होतो आणि तो आम्हाला खटकतो. काही जण यंत्राला चकवण्यासाठी सूर वर-खाली करतात, तुकडा इतका बारीक चिरतात की मूळ गाणाऱ्याची ओळखच उरत नाही. काही जण जुन्या गाण्यांना हातच लावत नाहीत, तयार लूप विकत घेतात. तिथेही गंमत आहे. तोच ढोलकीचा किंवा तानपुऱ्याचा लूप शंभर जणांनी घेतलेला असतो. त्यातल्या एकाने आपले गाणे नमुन्यात दिले की बाकीच्यांवर क्लेम. असे सामाईक लूप नमुन्यात देऊ नयेत असा यूट्यूबचा नियम आहे, पण ते शिरतात. तिसरी वाट आम्हाला सर्वांत बरी वाटते : मंडळात ढोलकी, पेटी वाजवणारे आहेत, त्यांच्याकडून तुकडा वाजवून घ्यावा आणि तोच कापावा. अर्थात चाल हक्कातली असेल तर परवानगी लागतेच, आणि यंत्र काही वेळा चालही ओळखते.

क्लेम आला म्हणून घाबरू नये. क्लेम म्हणजे 'स्ट्राइक' नव्हे. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकते, नुसत्या क्लेमने नाही. आपली बाजू खरी असेल तर हरकत नोंदवावी. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. यूट्यूबच्याच अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहामाहीत ७२ कोटींहून अधिक क्लेम झाले, हरकती फक्त २२ लाखांच्या आसपास आल्या, आणि त्यांतल्या सुमारे ६० टक्के व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने सुटल्या. बहुतेक लोक भांडतच नाहीत. मात्र गाणे खरोखर हक्कातले असेल तर उगाच हरकत घेऊ नये. प्रकरण पुढे जाऊन स्ट्राइकवर येऊ शकते.

एक गैरसमज नेहमी आढळतो. धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती त्या समारंभापुरती आहे. आरतीनंतर मांडवात वाजलेले गाणे व्हिडिओत आले आणि तो व्हिडिओ वर चढवला, तर ते वेगळे काम झाले. यंदा चित्रीकरण करणाऱ्यांनी कार्यक्रम सुरू होण्याआधी स्पीकरवरची गाणी बंद करून घ्यावीत, आणि संगीत करणाऱ्या मुलांनी वापरलेल्या प्रत्येक तुकड्याचे मूळ, वर्ष आणि परवानगी वहीत टिपून ठेवावी. हरकत घेताना तीच वही कामी येते.