हिशेब द्रव्याचा आणि उष्णतेचा

व्यापारी घराण्यात जमा, खर्च आणि शिल्लक यांचा मेळ बसल्याविना रोजमेळाची वही मिटली जात नसे. रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमाचा आरंभीचा पाठही असाच आहे. संयंत्रात जेवढे द्रव्य गेले, तेवढे बाहेर यावे अथवा आत शिल्लक दिसावे. उष्णतेचाही असाच मेळ घालावा लागतो.

या शिक्षणाचा पाया इंग्लंडमध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ साली मँचेस्टर येथे दिलेल्या व्याख्यानांनी घातला. पुढे १९१५ मध्ये अमेरिकेतील आर्थर लिटल यांनी ‘एकक क्रिया’ ही कल्पना मांडली. साखर असो वा रंग. बाष्पीभवन, ऊर्ध्वपातन, गाळणे, वाळवणे या क्रियांचे नियम सर्वत्र तेच. म्हणून प्रत्येक कारखाना वेगळा शिकवण्याऐवजी या क्रियाच शिकवाव्यात, असा विचार रुजला.

आपल्या महाराष्ट्रात हे ज्ञानपीठ १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाच्या रूपाने उभे राहिले. गिरण्यांच्या नगरीला साजेसे वस्त्ररसायन आणि त्याच्या जोडीला रासायनिक अभियांत्रिकी, अशी त्याची सुरुवात झाली. हा विभाग १९४३ मध्ये माटुंग्यास आला. केंब्रिजहून परतलेले डॉ. मनमोहन शर्मा १९६४ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी येथे प्राध्यापक झाले. येथूनच १९६६ मध्ये पदवी घेतलेले डॉ. रघुनाथ माशेलकर पुढे १९८९ साली आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. २००८ मध्ये या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला.

मूलतत्त्वांचे मोल केवळ परीक्षेपुरते नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या कारखान्यात विषारी द्रवाच्या टाकीत पाणी शिरले आणि अभिक्रियेतून प्रचंड उष्णता निर्माण झाली. शीतकरण यंत्रणा आधीपासूनच बंद होती. उष्णतेची जमा वाढत गेली, खर्चाला वाट उरली नाही. सहस्रावधी निरपराध जीव गेले.

आज विश्रांतवाडीतील अनेक घरांतून मुले-मुली अभियांत्रिकीकडे वळत आहेत. त्यांना पगाराचा आकडा अवश्य विचारावा. परंतु त्याआधी ‘हिशेबाचा मेळ बसतो ना?’ हे आस्थेने विचारावे. त्या मेळावर इतरांचे प्राण अवलंबून असतात.